पन्नास वर्षांनंतरचा दौरा

स्टीव्ह हॅरिस यांनीं १९७५ सालीं पूर्व लंडनमध्यें स्थापन केलेल्या ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल बँडानें २७ मे २०२५ रोजीं बुडापेस्ट येथून नव्या दौऱ्यास आरंभ केला. कार्यक्रमांत १९८० ते १९९२ या काळांतील पहिल्या नऊ ध्वनिमुद्रिकांतीलच गीतें आहेत. हा संयम कीं थकवा, असा प्रश्न आमच्यासारख्या जुन्या श्रोत्यांस पडल्यावांचून राहत नाहीं.

गतकालाकडे वळण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. १ फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईंत ज्या दौऱ्याचा प्रारंभ झाला, त्याचाही भर जुन्या गीतांवरच होता. परंतु तेव्हां ड्रम वाजवावयास निको मॅकब्रेन होते. जानेवारी २०२३ मध्यें त्यांस पक्षाघाताचा झटका आला. तरी त्याच वर्षीं ते पुन्हां मंचावर आले, आणि डिसेंबर २०२४ मध्यें साओ पावलो येथें त्यांनीं दौऱ्यांचा निरोप घेतला. त्यांच्या जागीं आतां सायमन डॉसन आहेत.

जुन्या रसिकाची खरी कसोटी येथेंच आहे. खुद्द मॅकब्रेन हेही १९८२ च्या अखेरीस क्लाइव्ह बर यांच्या जागींच आले होते. आज ज्यांच्यावांचून मंच सुना वाटतो, तेही एके काळीं नवखेच होते. तेव्हां डॉसन यांस परके मानणें हें इतिहास विसरणेंच होय. परंतु नव्या हातांस केवळ जुनींच गीतें देणें हेंही न्याय्य नव्हे. स्मरणानें परंपरा जपली जाते. ती वाढते मात्र नव्या रचनेनेंच.