मीटर पळतंय, असं आपण कधीपासून म्हणतोय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या टेमघर-भादवड भागातल्या कुठल्याही ग्रुपवर विजेचा विषय निघाला की तीन मतं ठरलेली. एक म्हणतो, नवीन मीटर मुद्दाम फास्ट केलेत. दुसरा म्हणतो, हे सगळं दिल्लीहून चाललंय. तिसरा म्हणतो, आधी लाईटच नव्हती ते विसरलात का? मग राजकारण सुरू होतं, दोघं ग्रुप सोडतात, संध्याकाळी परत येतात. मला यातल्या कुणाची बाजू घ्यायची नाही. पण ही मतं आली कुठून, ते शोधत गेलं की आपल्या गावाचा चाळीसेक वर्षांचा इतिहास हाती लागतो. आणि तो माहीत असणं सध्या जरा गरजेचं झालंय. का, ते पुढे येईलच.

एक खुलासा आधीच करतो. टेमघर म्हटलं की गूगल मुळशीचं गळकं धरण दाखवतं. ते पुण्याचं. आपल्याकडे धरण नाही, जलशुद्धीकरण केंद्र आहे. भातसेचं, उल्हासचं पाणी इथे येतं, गाळून ठाण्याकडे जातं. मुंबईला १८९२ पासून पाणी देणाऱ्या तानसाच्या पाईपलाईनीही आपल्याच तालुक्यातून गेल्यात. म्हणजे दुसऱ्यांचं पाणी आपल्या दारावरून जातं, हे आपल्या अंगवळणी पडलंय. विजेचंही तसंच आहे, फक्त ती पाईपसारखी डोळ्यात भरत नाही.

पडघ्याच्या बाजूला गेलात तर उंच मनोरे आणि तारांचं जंगल दिसतं. तिथे १९९९ मध्ये चंद्रपूरहून थेट एक लाईन आली. लांबी ७५२ किलोमीटर, क्षमता १५०० मेगावॅट, दाब ५०० केव्ही, आणि विशेष म्हणजे ती डीसी आहे. आपल्या घरात एसी येते. पण इतक्या लांबच्या प्रवासात डीसीची गळती कमी होते, तारांचा खर्चही कमी होतो. म्हणून चंद्रपूरला एसीची डीसी करायची, पडघ्याला पुन्हा एसी करायची. तेव्हा हे तंत्रज्ञान देशात मोजक्याच ठिकाणी होतं. विदर्भातल्या कोळशाची वीज मुंबईच्या दारात आणण्याचा हा दरवाजा आपल्या भिवंडी तालुक्यात आहे. आणि त्याच काळात भिवंडी शहरात लाईट किती तास असायची, हे चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा.

आता मागांकडे येऊ. भिवंडीत हातमाग जुना, पॉवरलूम स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा. पण खरी वाढ १९८२ नंतरची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या थंड झाल्या तरी कापडाची मागणी काही थांबली नाही. ते काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे वळलं. गिरण्यांनी भंगारात काढलेले मागसुद्धा इकडे येऊन पुन्हा खडखडायला लागले. बघता बघता मागांची संख्या लाखांत गेली. गिरणगावाच्या इतिहासावर पुस्तकं निघाली, नाटकं झाली, सिनेमे आले. भिवंडीच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं, पण ते असो.

साधा धोट्याचा माग म्हणजे साधारण एक एचपीची मोटर. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. दोन पाळ्यांत चोवीस तास पूर्ण भाराने चालली तर दिवसाला १८ युनिटच्या आसपास. २४ मागांचा छोटा कारखाना धरला तर रोज सव्वाचारशे युनिट. आता हे एका गल्लीत दहा वेळा करा, आणि अशा शेकडो गल्ल्या करा. तारा मात्र गावठाणाच्या काळातल्या. त्यात आकडे टाकलेले वेगळेच.

यातून जे होतं ते निव्वळ भौतिकशास्त्र आहे. लोड वाढला की व्होल्टेज पडतं. पण मोटरला माग तर ओढायचाच असतो, म्हणून ती जास्त करंट घेते. व्होल्टेज २० टक्के पडलं की करंट सव्वापट होतो, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. मोटर जळते, केबल जळते, शेवटी डीपी जळते. त्या काळात भिवंडीत वर्षाला दहापैकी चार डीपी नादुरुस्त व्हायच्या. डीपी जळाली की आपण म्हणायचो, वायरमन लक्ष देत नाही. वायरमन म्हणायचा, तुम्ही आकडे काढा. दोघंही खरं बोलत होते.

राज्याच्या पातळीवर तेव्हा काय चाललं होतं? एन्रॉन. डिसेंबर १९९३ मध्ये शरद पवारांच्या सरकारच्या काळात दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला. १९९५ ची निवडणूक युतीने एन्रॉन समुद्रात बुडवण्याच्या भाषेवर लढवली. सत्तेत आल्यावर ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांतच नव्या अटींवर परत आणला. मे १९९६ मध्ये केंद्रातल्या वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारने जाता जाता त्याच्या काउंटर गॅरंटीला मान्यता दिली. १९९९ ला पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॅटचा. वीज एवढी महाग पडली की २००१ मध्ये मंडळाने ती घेणंच थांबवलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. पानटपरीवर तेव्हा प्रत्येकाला एन्रॉनवर मत होतं. कोणता पक्ष यात स्वच्छ, यावर मारामाऱ्या व्हायच्या बाकी राहिल्या होत्या. माझं मत विचाराल तर कुणीच नाही. पण त्या गोंधळात नवीन वीजनिर्मितीची वर्षं वाया गेली, आणि त्याची किंमत २००५ ते २००८ च्या लोडशेडिंगमध्ये आपण सगळ्यांनी मोजली. राज्यात चार-पाच हजार मेगावॅटचा तुटवडा होता.

त्या लोडशेडिंगचा एक नियम लोक विसरलेत. भागाभागाचे गट केले होते. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे लाईट जास्त तास बंद. हिशोबाला बरोबर, पण माणसाला? ज्याने दर महिन्याला बिल भरलं तोही शेजाऱ्याच्या आकड्यामुळे अंधारात बसायचा. "बिल भरून काय मिळतं?" हा प्रश्न भिवंडीत तेव्हापासून मुरलाय, आणि मला तो अजिबात चुकीचा वाटत नाही.

मग २६ जानेवारी २००७ आला. वीज मंडळाचे तुकडे २००५ मध्येच झाले होते, वितरण महावितरणकडे आलं होतं. महावितरणने भिवंडीचं वितरण टोरंट पॉवरला फ्रँचायझी म्हणून दिलं. देशात अशा प्रकारे एका शहराचं वितरण देण्याचा हा पहिलाच प्रयोग. तेव्हा भिवंडीची एकूण तूट, म्हणजे तांत्रिक गळती, चोरी आणि न झालेली वसुली मिळून, ५८ टक्क्यांच्या घरात होती. १०० युनिट आत आले तर जेमतेम ४२ युनिटांचे पैसे हातात यायचे.

इथे जरा थांबून हा धंदा कसा चालतो ते बघा, कारण निम्मे वाद याच्या अज्ञानातून होतात. फ्रँचायझी वीजदर ठरवत नाही. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, आणि महावितरणच्या ग्राहकाला जो दर तोच आपल्याला. फ्रँचायझी महावितरणकडून बोलीत ठरलेल्या दराने वीज घेते आणि आयोगाच्या दराने आपल्याला विकते. मधली तूट जेवढी कमी, तेवढा तिचा नफा जास्त. म्हणजे प्रत्येक न मोजलेलं युनिट हा महावितरणच्या काळात सरकारी तोटा होता. २००७ नंतर तो कुणाच्या तरी खिशाला लागायला लागला. म्हणून नवीन डीपी बसल्या, केबल बदलल्या, व्होल्टेज सुधारलं. आणि त्याच कारणासाठी धाडी पडल्या, मीटर बदलले, वीज कायद्याच्या १२६ आणि १३५ कलमांच्या नोटिसा घरोघरी पोचल्या. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आल्यात. "टोरंट हटाव" म्हणणारा आणि "आता निदान लाईट तरी असते" म्हणणारा, दोघं एकाच घरातले भाऊ असू शकतात. आमच्याकडे आहेतच तसे.

आता मीटर पळण्याचं. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. तिला घर्षण असतं. फार छोट्या लोडला, एखादा झिरोचा बल्ब किंवा टीव्हीचा स्टँडबाय, ती हलायचीच नाही. वर्षं गेली, धूळ बसली, की आणखी हळू. इलेक्ट्रॉनिक मीटरला चकतीच नाही, त्यामुळे तो चार्जरसुद्धा मोजतो. म्हणून मीटर बदलल्यावर बिल वाढलं हे लोकांचं निरीक्षण खरं असू शकतं. त्यावरून नवा मीटर फास्ट आहे असं मात्र सिद्ध होत नाही, जुना स्लो असण्याची शक्यता तितकीच असते. पण हे समजावून सांगायला कोण आलं होतं? लोकांच्या हातात बिल आलं, सोबत नोटीस आली. संशय काय हवेतून येत नाही. शिवाय प्रत्येक मीटर बरोबरच असतो असंही मी म्हणणार नाही. मीटर तपासून घ्यायचा अधिकार ग्राहकाला आहे. त्याने समाधान झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. नाक्यावर बोंबलणारे शंभर, तिथे लेखी अर्ज करणारा एखादा.

आणखी एक दिवस आठवतो का? १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाईट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस, हॉस्पिटलं भरलेली. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये बातमी आली की यामागे चीनचे हॅकर असू शकतात. अमेरिकेतल्या एका सायबर सुरक्षा कंपनीचा अहवाल न्यूयॉर्क टाइम्सने छापला होता. गलवान होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे व्हॉट्सॲपवर युद्धच सुरू झालं. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं, मानवी चूक आहे, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. राज्यात एक आघाडी, केंद्रात दुसरी. ज्याचा जो पक्ष, त्याला तो मंत्री खरा वाटला.

मात्र त्या दिवशी तारांवर काय झालं, ते आपल्याच तालुक्यातलं आहे. पडघे-कळवा या ४०० केव्हीच्या लाईनी एकामागोमाग बंद पडल्या आणि उरलेल्यांना भार झेपला नाही. असं झालं की मुंबईने ग्रिडपासून आपोआप सुटून स्वतःच्या निर्मितीवर चालायचं, अशी बेटासारखी व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. ती त्या दिवशी टिकली नाही. चीनचं काय ते तज्ज्ञ बघोत. पण मला आश्चर्य याचं वाटलं की आपल्या ग्रुपवर बीजिंगपर्यंत सगळे जाऊन आले, पडघ्याला कुणी थांबलंच नाही.

स्मार्ट मीटरचंही तसंच होतंय. केंद्राची योजना २०२१ ची. राज्यात प्रीपेड मीटरला विरोध झाला, आणि लोकसभेच्या निकालानंतर जून २०२४ मध्ये फडणवीसांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. प्रीपेड आणि स्मार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीटर स्वतः रीडिंग पाठवतो म्हणजे पैसे आधी भरावे लागतात असं नाही. ग्रुपवर मात्र दोन्ही एकच समजून भांडण चालू आहे.

आणि सुरुवातीला गरज म्हणालो ती ही. टोरंटचा पहिला करार दहा वर्षांचा होता. २०१७ मध्ये तो आणखी दहा वर्षांसाठी वाढला. म्हणजे २०२७ च्या जानेवारीत मुदत संपते. पुढे काय करायचं याला राज्यातच दाखले आहेत. औरंगाबादची फ्रँचायझी २०११ ला सुरू होऊन २०१४ ला संपली. जळगावची २०१५ ला गेली, नागपूरची २०१९ ला. तिन्ही ठिकाणी वितरण परत महावितरणकडे गेलं. आपल्यासारखंच मागांचं गाव असलेल्या मालेगावात उलट २०२० मध्ये फ्रँचायझी आली. त्याच वर्षी शीळ-मुंब्रा-कळवाही टोरंटकडे गेलं. औरंगाबाद-जळगावात तारा, डीपी, थकबाकी आणि चालू खटल्यांचं हस्तांतरानंतर काय झालं, हे तिथल्या लोकांना विचारता येईल. नागपूरला कुणाचे नातेवाईक असतील तर २०१९ च्या आधीची आणि नंतरची बिलं मागवा. खाली कमेंटमध्ये टाकलीत तर सगळ्यांनाच बघता येतील. नाव आणि ग्राहक क्रमांक खोडून टाका तेवढं.