एस्सेल वर्ल्ड: जिंगल राहिली, पार्क गेलं

आजच्या भागात ना गडकिल्ले, ना लढाया. आज बोलूया मुंबईतल्या गोराईच्या एस्सेल वर्ल्डबद्दल. नाव ऐकताच जाहिरातीतली जिंगल डोक्यात वाजायला लागली ना? थांबा, तिच्यावर येऊच.

आपल्याकडे पाळणे म्हणजे जत्रा. गावात यायचे, चार दिवस फिरायचे आणि उठून जायचे. पाळणे कायमचे एका जागी आणि तिकीट काढून आत, ही कल्पना तशी नवी. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर सुरू झालं. नाव आलं १९८२ च्या आशियाई खेळांचा मॅस्कॉट असलेल्या अप्पू हत्तीवरून. मग १९८९ मध्ये सुभाष चंद्रांच्या एस्सेल समूहाने गोराईला पार्क उघडलं. त्यांचं झी टीव्ही आलं १९९२ मध्ये, म्हणजे पार्क चॅनेलपेक्षा थोरलं!

पण खरी गंमत रस्त्यात होती. मालाडच्या मार्वे जेट्टीवरून किंवा बोरिवलीच्या बाजूने बोटीत बसायचं आणि खाडी ओलांडायची. भाईंदरवरून गाडीरस्ताही होता, पण बोटीची मजा त्याला नाही. विश्रांतवाडीसारख्या समुद्रापासून लांबच्या भागातल्या पोरांसाठी तर ती बोट हीच पहिली राइड! थंडर, झिपर डिपर वगैरे नंतर. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडमही आलं.

मग बिनसलं कुठे? एकच कारण सांगता येणार नाही, पण या धंद्याचं गणित बघा. गर्दी असो-नसो, राइडची देखभाल रोज करावीच लागते. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. पावसाळ्यात लोक फिरकत नाहीत. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं, पुण्याहून एक्सप्रेसवेने थेट. २०१७ मध्ये अशा पार्कच्या तिकिटांवर २८ टक्के जीएसटी लागला, पुढच्या वर्षी तो १८ वर आला. २०१९ मध्ये एस्सेल समूहाचं कर्जाचं संकट उघड झालं. आणि २०२० मध्ये कोरोना. त्यानंतर एस्सेल वर्ल्ड बंद पडलं, वॉटर किंगडम तेवढं चालू राहिलं.

आता मुद्द्याचं. राष्ट्रीय स्मारकांच्या आपल्या १९५८ च्या कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते. तीन दशकांचं पार्क त्यात बसणार कसं? अप्पू घरही २००८ मध्ये असंच गेलं. उलट न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९२७ चा सायक्लोन नावाचा लाकडी रोलर कोस्टर आहे. शहराने १९८८ मध्ये त्याला अधिकृत वारशाचा दर्जा दिला. त्याला सांभाळणारं अ‍ॅस्ट्रोलँड पार्क २००८ मध्ये बंद झालं, तरी सायक्लोन आजही धावतोय. म्हणजे पाळणाही इतिहास असू शकतो, फक्त कुणीतरी वेळेत तसं म्हणावं लागतं.

आणि हो, ही गोष्ट फक्त आपल्या आठवणींची नाही. गोराई, मनोरी, उत्तन ही मच्छीमारांची आणि शेतकऱ्यांची जुनी गावं. आपल्यासाठी जी पिकनिक, ती त्यांच्यासाठी जमीन, खाडी आणि कांदळवन. या पट्ट्यात मोठ्या पर्यटन सेझचा प्रस्ताव आला, तेव्हा गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला होता. पार्कचा इतिहास लिहायचा तर बोटवाल्याला, राइड चालवणाऱ्या कामगाराला आणि त्या गावकऱ्यालाही विचारायला हवं. तिघं तीन वेगळ्या गोष्टी सांगतील.

जिंगल टिकली, कारण ती कंपनीने पैसे देऊन हजारदा वाजवली. बाकीचं आपोआप टिकणार नाही. तेव्हा एक काम करा. घरातला जुना अल्बम काढा, बोटीवरचा किंवा गेटवरचा फोटो सापडला तर स्कॅन करा आणि मागे वर्ष आणि नावं लिहून ठेवा. आई-बाबांना त्या दिवसाबद्दल विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. पाचच मिनिटं लागतील.

भेटू पुढच्या भागात!