प्लेगचे क्रूस आणि कोरोनातला उपवासकाळ

26 फेब्रुवारी 2020 ला, राखेच्या बुधवारी, कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू झाला. महिन्याभरातच लॉकडाऊन लागला आणि सोलापूरसह देशभरातली चर्च बंद झाली. 12 एप्रिलच्या ईस्टरची मिस्सा अनेकांनी घरीच मोबाइलवर पाहिली.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा तिथल्या कॅथलिकांनी वस्त्यांमध्ये क्रूस उभारले आणि त्यांच्यापुढे जमून प्रार्थना केली. मग कोरोनात जमायला बंदी का? गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. कोरोना मात्र श्वासातून पसरतो. बंद जागेत एकत्र गायल्याने धोका आणखी वाढतो, विशेषतः वृद्धांना.

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या उपवासकाळाच्या तिन्ही गोष्टी घरूनही करता येतात. पुन्हा साथ आली, तर आजार कसा पसरतो हे आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच एकत्र जमायचे की नाही ते ठरवा.