राखेपासून ग्रेहाउंडच्या वाटीपर्यंत

ऑस्ट्रेलियात शर्यतीचे ग्रेहाउंड सांभाळणारे अनेक जण कुत्र्याच्या मांसाच्या वाटीत एक गोळी टाकत आले आहेत. तिचे नाव ‘स्लो-के’. ही गोळी कुत्र्यांसाठी कुणी केलीच नव्हती. ती आली माणसांच्या रक्तदाबाच्या औषधामागोमाग, आणि तिचे कुळ शोधत गेले की आपण थेट चुलीपाशी पोचतो.

लाकडाची राख पाण्यात कालवायची, वरची निवळ लोखंडी भांड्यात आटवायची. तळाशी उरेल तो क्षार. भांड्यातली राख, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘पॉट-ॲश’ म्हटले. राखेने भांडी घासणाऱ्या आपल्या आज्यांच्या हातांना तो ओळखीचा होता. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश वाचणारा शेतकरी आजही त्याला पालाश म्हणतो. १८०७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने पोटॅशमधून वीज सोडली आणि पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब बाहेर आले. तेच पोटॅशियम. गोळीच्या नावातला ‘के’ मात्र अरबांकडून आलेला. वनस्पतींच्या राखेला ते ‘अल्-कली’ म्हणत, त्यावरून ‘कॅलियम’.

हा राखेचा धातू जिवंत शरीरात काय करतो, हे १८८० च्या दशकात सिडनी रिंगरच्या प्रयोगांनी दाखवले. बेडकाचे हृदय बाहेर काढून तो मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवी. पाणी लंडनच्या नळाचे होते तोवर हृदय चाले. शुद्ध पाणी घेतले की थांबे. नळाच्या पाण्यातला चुना ते काम करत होता. पण नुसत्या चुन्याने हृदय आखडून बसे, त्याला सैल करायला पोटॅशियम लागे आणि तेही जेमतेम. जास्त झाले की हृदय सैल पडून थांबे. या सगळ्या कथेत मला हाच प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढचा सगळा सांभाळ आणि सगळा धोका त्यात आधीच दिसतो.

१९५८ मध्ये क्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध बाजारात आले. रक्तदाब उतरे, पण लघवीवाटे पोटॅशियमही जाई. ते भरून काढायला दिलेल्या गोळ्या आतड्यात एकाच जागी विरघळत आणि तिथे व्रण पडत. १९६४ च्या सुमारास हे उघड झाले. मग क्षार मेणासारख्या साच्यात कोंडून हळूहळू झिरपू देणारी गोळी निघाली. नावातला ‘स्लो’ तो हा. त्या नावातच एका दुखापतीची आठवण आहे.

कुत्र्याकडे ती आली ती पेटक्यांमुळे. धावता धावता मागचे पाय आखडणे ही ग्रेहाउंडची जुनी व्यथा. घाम गाळणाऱ्या माणसाला आणि घोड्याला क्षार देतात, मग कुत्र्यालाही द्यावेत, असा विचार झाला. पण कुत्र्याचे अंग घामाने भिजत नाही. तो धापा टाकतो, आणि धापेतून जाते ती नुसती वाफ. मिठाचे पाणी पाजून पाण्याची ही तूट भरत नाही. उलट शरीरातले मीठ आणखी दाटते. पोटॅशियम जाते ते निराळ्या वाटेने. शर्यतीआधी पिंजऱ्यात भुंकून, धापा टाकून कर्बवायू निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते, ते सावरायला मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर सोडतात आणि त्याच्यासोबत पोटॅशियमही जाते. म्हणजे खरी हानी तीस सेकंदांच्या धावेत कमी आणि आधीच्या घालमेलीत जास्त. कुत्र्याला शांत ठेवणे हा म्हणूनच पहिला उपाय.

हिशोबही पाहावा. ६०० मिलिग्रॅमच्या गोळीत पोटॅशियम भरते सुमारे ३१५ मिलिग्रॅम, साधारण १०० ग्रॅम कच्च्या मांसाइतके. मांस उकडून पाणी ओतून दिले, तर त्यातले बरेचसे पोटॅशियम त्या पाण्याबरोबरच जाते. पोटभर मांस खाणाऱ्या कुत्र्याला पोटॅशियमची तूट क्वचितच पडते आणि पेटके तर थंडीने, अपुऱ्या सरावानेही येतात. त्यात जोरात धावताना स्नायूंतले पोटॅशियम आपसूक रक्तात उतरते. अशा वेळी, धावेच्या तोंडावर, वरून आणखी देणे म्हणजे रिंगरच्या बेडकाचे हृदय विसरणे.

सांगली-सोलापूरकडे कारवान कुत्री पाळणाऱ्यांना म्हणून सांगावेसे वाटते: धावून आलेल्या कुत्र्याला आधी सावली द्या, अंगावर गार पाणी घाला, प्यायला साधे पाणी ठेवा. पोटॅशियमची गोळी मात्र पशुवैद्याने रक्त तपासून सांगितल्याशिवाय देऊ नका.