अस्थी गंगेत केव्हा गेल्या?

परभणी जिल्ह्यात कोणाच्या अंत्यविधीला निघालेला माणूस ‘मातीला चाललोय’ असंच सांगतो. प्रेत पुरायचं असो की जाळायचं, बोलायची रीत एकच. माती झाली की तिसऱ्या दिवशी राख सावडायची आणि सावडलेल्या अस्थी घेऊन गंगेवर जायचं. इथली गंगा म्हणजे गोदावरी. तिच्या काठावरचं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. त्याला दक्षिण काशीही म्हणतात. भोवतालच्या खेड्यांतून अस्थी घेऊन येणाऱ्यांचा राबता तिथल्या घाटांना नवा नाही.

हे इतकं अंगवळणी पडलंय, की वेदकाळापासून असंच चालत आलं असावं, असं आपण धरून चालतो. पण जुन्या काळात शिरलं की नदी लवकर भेटतच नाही. भेटते ती माती.

गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेकाठी नेवासे आणि दायमाबाद, अन् भीमेच्या खोऱ्यात घोड नदीवरचं इनामगाव, ही तीन हजार वर्षांहून जुनी शेतकरी गावं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव खणलं, तेव्हा घरांच्या जमिनीखालीच दफनं निघाली. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घरातच पुरत. मोठ्या माणसांना उताणं निजवलेलं, पण बहुतेकांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेल्याने उठून जाऊ नये, घराशीच राहावं म्हणून असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. आज आपण मडकं फोडून, मागे वळून न बघता मसणातून निघतो. त्या लोकांना आपलं मेलेलं माणूस पायाखाली, चुलीजवळ हवं होतं.

पुढे वैदिकांत जाळण्याची चाल रुजली. पण जाळल्यानंतर उरलेल्या हाडांचं काय करायचं? आश्वलायन गृह्यसूत्रात याचं सविस्तर उत्तर आहे आणि ते मुळातून पाहण्यासारखं आहे. अंगठा आणि करंगळीजवळचं बोट यांनी एकेक अस्थी उचलायची, आवाज होऊ न देता कुंभात ठेवायची. सुरुवात पायांपासून, डोकं शेवटी. पुरुषासाठी कुंभ वेगळा, बाईसाठी वेगळा. मग तो कुंभ खड्ड्यात ठेवायचा. खड्ड्याची जागा कशी असावी? पावसाचं सोडलं तर दुसरं कुठलंही पाणी जिथे चहूबाजूंनी वाहून येणार नाही, अशी! मग माती लोटायची, वर झाकण घालायचं आणि मागे न बघता परतायचं. या वेळी म्हणायचे मंत्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले आहेत आणि ते मेलेल्याला धरणीमातेच्या कुशीत जायला सांगतात. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने आपण अस्थी पाण्यात सोडतो, त्यातलाच एक जुना ग्रंथ त्यांना वाहत्या पाण्यापासून जपायला सांगतो.

मग नदी आली कुठून? महाभारत आणि पुराणं यांच्या हातून. सगराच्या साठ हजार पुत्रांची राख गंगेच्या पाण्याने उद्धरली, ही भगीरथाची गोष्ट घरोघरी पोचली. माणसाची हाडं गंगाजलाला जितका काळ लागून राहतील तितका काळ तो स्वर्गात राहील, असं वनपर्वातल्या तीर्थयात्रेच्या भागात आश्वासन आलं. खड्ड्यातल्या कुंभापेक्षा ही बोली फार मोठी होती. पण गोदाकाठच्या कुणब्याने काशी कधी गाठायची? त्याची सोय ब्रह्मपुराणातल्या गौतमी माहात्म्याने केली. गौतम ऋषींनी आणलेली गोदावरीही गंगाच ठरली: विंध्याच्या पलीकडे भागीरथी, अलीकडे गौतमी. पुराणकारांच्या या हिशेबीपणाचं मला कौतुक वाटतं. शेकडो मैलांची यात्रा त्यांनी बैलगाडीच्या टप्प्यात आणली.

तरी माती सुटली नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पुरावं आणि त्याचा अस्थिसंचयही करू नये, असं मनुस्मृती सांगते. संन्याशाला अग्नी नाही, समाधी आहे. लिंगायतांत मृताला बसवून, हातात इष्टलिंग देऊन पुरतात. मुसलमानांचं दफन तर उघडच आहे. परभणी शहरात दर फेब्रुवारीला ज्यांचा उरूस भरतो त्या तुराबुल हक बाबांच्या नावातला ‘तुराब’ म्हणजेसुद्धा अरबीत माती. एवढ्या साऱ्यांचा शेवट मातीत होणाऱ्या मुलखात, जाळणाराही ‘मातीला’ जातो म्हणतो याचं नवल नको.

गेल्या पन्नास वर्षांत नदी मात्र बदलली. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरं झालं. पुढे परभणी जिल्ह्यातच ढालेगाव, मुदगल, मुळी असे बंधारे झाले. शेतीला पाणी मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण विसर्जनाला वाहतं पाणी लागतं, आणि आता गोदावरी वर्षातला मोठा काळ तुंबलेली किंवा आटलेली असते. राखेबरोबर गाठोडं, कपडे, हार आणि प्लास्टिकच्या पिशव्याही त्यातच पडतात.

अशात मराठवाड्यात, आणि बाहेरही, काही घरं राख आपल्याच शेतात खड्डा करून घालू लागली आहेत. वर आंब्याचं, चिंचेचं नाहीतर वडाचं झाड लावतात. भावकीत यावरून कुरबुर होते. एखादा म्हातारा ‘बापाला गंगा दाखवली नाही’ म्हणून बोलतो. त्याचं दुखणं खरं आहे, त्याला हसू नये. मात्र हे शास्त्राविरुद्ध आहे, असं कोणी म्हणाला तर त्याला आश्वलायन वाचायला द्यावा. आणि ज्यांना गंगेवरच जायचंय त्यांनी जरूर जावं. अस्थी सोडाव्यात, पिशवी आणि गाठोडं मात्र घरी परत आणावं.