संगणकाचे दफ्तर : स्मृतीच्या नोंदींची हकिकत

आपल्या घराण्यांना दफ्तराचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. माळव्यात आणि बुंदेलखंडात आपले पूर्वज आले ते तलवारीबरोबर लेखणी घेऊन. आणि अनेकांचा इनामाचा हक्क पुढे टिकला तो मोडीतील नोंदीच्या आधारे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत. कागद हवा असेल तर प्रथम यादी, मग रुमाल, मग कागद, असा क्रम. महसूल खात्यातही जमिनीचा मालक जमिनीवर लिहिलेला नसतो. तो खसरा-खतौनीत पाहावा लागतो. संगणकाच्या स्मृतीची, म्हणजे मेमरीची व्यवस्था याच तत्त्वावर चालते. तिच्या नोंदीचा नमुना कसा घडला, आणि तो सांभाळण्यात कसूर झाली तर काय ओढवते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभीच्या यंत्रांना असे दफ्तर नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची होती. आजच्या साध्या मोबाइलची स्मृती तिच्या लाखो पटींनी मोठी असते. कोणता आकडा कोठे ठेवावयाचा हे प्रोग्राम लिहिणाराच ठरवी. एका वेळी एकच काम चाले, म्हणून तंटा उद्भवत नसे. वाड्यात एकच कुटुंब राहत असेल तर वाटणीपत्र कशाला हवे?

वाटणीचा प्रश्न प्रथम नीट सोडविला तो इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘अ‍ॅटलस’ संगणक १९६२ मध्ये सुरू झाला. त्याची मुख्य स्मृती वेगवान पण तोकडी, तर जोडीचा चुंबकीय ड्रम मोठा पण मंद. त्यांनी स्मृतीची ५१२ शब्दांची एकेक ‘पाने’ पाडली आणि मुख्य स्मृतीच्या ३२ पानांसाठी यंत्रातच ३२ नोंदी ठेवल्या. हवे ते पान जागेवर नसेल तर काम थांबे आणि एक देखरेख करणारा प्रोग्राम ते ड्रमवरून आणून देई. हाच आजच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, म्हणजे ‘कर्नल’चा, पूर्वज म्हणता येईल.

हे तत्त्व सामान्यांच्या मेजावर आणण्यात मोठा वाटा इंटेलच्या ८०३८६ या १९८५ सालच्या प्रोसेसरचा. त्यात ३२ बिटांच्या पत्त्याचे तीन भाग पडतात. पहिल्या १० बिटांनी मुख्य यादीतील १०२४ नोंदींपैकी एक निवडावयाची, पुढच्या १० बिटांनी तिने दाखविलेल्या तक्त्यातील एक, आणि उरलेल्या १२ बिटांनी ४०९६ बाइटांच्या पानातील नेमकी जागा. यादी, रुमाल, कागद! प्रत्येक नोंद ३२ बिटांची. त्यांपैकी २० बिटांत पानाचा खरा ठिकाणा, बाकीचे बहुतांशी शेऱ्यांसाठी : पान हजर आहे काय, त्यावर लिहिण्याची मुभा आहे काय, ते सामान्य प्रोग्रामला खुले आहे की केवळ कर्नलला, ते वाचले गेले काय, त्यात बदल झाला काय.

हा नमुना प्रोसेसर बनविणाऱ्याचा. नोंदी भरावयाच्या त्या कर्नलने. म्हणून कर्नल लिहिणारे आरंभीच व्याख्या करून ठेवतात : ‘हजर’ म्हणजे १, ‘लिहिण्यास मुभा’ म्हणजे २, ‘सर्वांस खुले’ म्हणजे ४. यंत्र या नोंदी स्वतः वाचते आणि कोणासही विचारीत नाही. एक बिट चुकीचा पडला तर परक्याला आपल्या पानावर ताबा मिळतो, आणि तेथे अपिलाची सोय नाही. शिवाय प्रोसेसर अलीकडच्या नोंदींच्या नकला वेगासाठी जवळ बाळगतो. नामांतरण झाले तरी जुनी नक्कल बाजारात फिरत राहावी, तसा हा धोका. म्हणून नोंद बदलताच जुनी नक्कल रद्द करण्याचा हुकूमही कर्नलनेच द्यावयाचा असतो.

आपल्याकडील अनुभव उद्बोधक आहे. अमेरिकेने वरच्या श्रेणीचा क्रे संगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे पहिले संचालक. १९९१ च्या ‘परम ८०००’ मध्ये ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते, आणि त्यांत ही पानांची व्यवस्थाच नव्हती. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र, देवाणघेवाण निरोपांनी. म्हणजे वाटणीपत्राऐवजी वेगवेगळी घरे. त्याच १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ८०३८६ च्या तक्त्यांचा आधार घेऊन लिनक्स कर्नल लिहावयास घेतले. पुढे १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आले, आणि त्यांत पानांची व्यवस्था होती.

नोंद अचूक असूनही घात होऊ शकतो, हे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. त्या दोषास ‘मेल्टडाउन’ म्हणतात. वेगासाठी कर्नलची पाने प्रत्येक प्रोग्रामच्या तक्त्यात ‘केवळ कर्नलसाठी’ या शेऱ्यासह ठेवलेली असत. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर तो शेरा अमलात येण्यापूर्वीच पुढचे काम उरकून ठेवीत. नंतर ते काम रद्द होई, पण त्याच्या खुणांवरून गुप्त मजकूर ओळखता येई. चौकीदाराने परवाना पाहिला, पण माणूस आत जाऊन आल्यावर! उपाय म्हणून कर्नलकारांनी दोन स्वतंत्र तक्ते केले. प्रोग्राम चालत असता कर्नलची जवळजवळ सर्व पाने त्याच्या तक्त्यातून वगळली. त्यापायी थोडा वेग गमवावा लागला.

आता नमुन्याचा प्रश्नही बदलतो आहे. बर्कली येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘रिस्क-फाइव्ह’ या रचनेत नोंदीचा नमुना सर्वांना वाचण्यास आणि वापरण्यास खुला आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर याच रचनेवर आधारलेला असून २०१८ मध्ये त्यावर लिनक्स चालले. परक्याच्या नमुन्यात नोंदी भरणे आणि नमुन्यासकट सारे दफ्तर आपण घडविणे यांतील अंतर फडणिशी केलेल्या घराण्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपली कितीतरी मुले-नातवंडे आज पुण्यात, बंगळुरूत याच क्षेत्रात आहेत. त्यांचे काम परके वाटून वडीलधाऱ्यांनी दूर राहू नये. दफ्तर बिनचूक राखण्याचा आपला जुनाच व्यवसाय ती नव्या यंत्रावर चालवीत आहेत.