टाँकावा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक अल्पसंख्य आदिवासी जमात. इ. स. १६०१ च्या सुमारास हे लोक आजच्या ओक्लाहोमाच्या उत्तर भागात होते. पुढे अपाची टोळ्यांच्या रेट्यामुळे ते दक्षिणेस सरकले आणि मध्य टेक्ससमधील ब्राझोस व ट्रिनिटी या नद्यांचा मुलूख त्यांचा मानला जाऊ लागला. ‘टाँकावा’ हे नाव त्यांच्या वेको नामक शेजाऱ्यांनी दिलेले असून त्याचा अर्थ ‘सगळे एकत्र राहणारे’ असा सांगतात. वस्तुतः मायेये, योहुआने, एर्विपियामे अशा निरनिराळ्या टोळ्या अठराव्या शतकात, साथीच्या रोगांनी व शत्रूंच्या धाडींनी खिळखिळ्या झाल्यावर, परस्परांच्या आश्रयाने जवळ आल्या. ते नाव त्यांना शोभले ते असे, संकटाच्या बळावर.

जमातीची जीवनदृष्टी तिच्या वृकनृत्यात जशी उतरली आहे तशी अन्यत्र क्वचितच आढळेल. टेक्ससच्या प्रजासत्ताकाने १८४५ मध्ये या लोकांवर नेमलेल्या रॉबर्ट नेबर्स या अधिकाऱ्याने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. सुमारे पन्नास पुरुष अंगावर लांडग्यांची कातडी पांघरून, हातापायांवर रांगत, जमीन हुंगत, मधूनच केकाटत आत येतात. एक जण एका जागी थबकून माती उकरू लागतो, तोच बाकीचे भोवती जमतात आणि नखांनी माती सारून आधीच पुरून ठेवलेला एक जिवंत, नागडा माणूस बाहेर काढतात. त्याला सगळीकडून हुंगून झाल्यावर लांडग्यांची मसलत बसते. त्याने आता जगावे कसे, हा प्रश्न. निवाडा असा होतो की, त्याच्या हाती धनुष्यबाण द्यावे आणि त्याने लांडग्याप्रमाणे रानोमाळ हिंडून शिकारीवर व लुटीवर पोट भरावे. जमीन मात्र कधी कसू नये. जमातीचा मूळ पुरुष असाच लांडग्याने भूगर्भातून उकरून काढला, अशी त्यांची श्रद्धा आहे.

हा आदेश ध्यानात न घेतल्यामुळे राज्यकर्त्यांच्या दप्तरात टाँकावांची नोंद आळशी व भटके म्हणून झाली. स्पॅनिश पाद्र्यांनी १७४० नंतर सान हाव्हिएर नदीकाठी मिशने उभारून त्यांना नांगराकडे वळविण्याचा यत्न केला, तो थोड्याच वर्षांत निष्फळ ठरला. पुढील अंमलदारांचा अनुभवही वेगळा नव्हता. ज्या कामाला पूर्वजाने मनाई केली ते करण्याची टाळाटाळ म्हणजे आळस, असे म्हणणे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही.

आहारात बायसन (अमेरिकेतील रानगवा) व हरीण यांना अग्रस्थान होते. ससा, कासव, दुर्गंधी सोडणारा स्कंक, इतकेच काय पण शेपटीचा खुळखुळा वाजविणारा विषारी सापही त्यांना वर्ज्य नव्हता; तो तर मेजवानीचा पदार्थ. लांडगा व त्याचा धाकटा भाऊबंद कायोटी यांचे मांस मात्र निषिद्ध. कंदमुळे, फड्या निवडुंगाची बोंडे, ओकची फळे व अक्रोडाच्या जातीचे पेकन हा रानमेवा गोळा केला जाई. पेकन आणि कमावलेली हरणाची कातडी विकून बाहेरचा माल मिळे. बायसनच्या कातड्यांचे त्यांचे तंबू बसके असत. कळप नाहीसे होऊ लागले तसा झाडपाल्याचा निवारा आला. पुरुष लांब कौपीन नेसत, केस वाढवून मध्यभागी भांग पाडीत व दाढीभुवया उपटून टाकीत. स्त्रिया हरणाच्या कातड्याचा आखूड घागरा नेसत आणि तोंडावर, नाकावर व पाठीवर काळे पट्टे रंगवीत.

कुळ आईकडून चाले. मुले आईच्या कुळातली, आणि पुरुष लग्नानंतर बायकोच्या कुळात राहावयास जाई. ‘घरजावई’ या शब्दास आपल्याकडे चिकटलेला उपहास तेथे अर्थातच नव्हता. विधवेचा दिराशी विवाह होण्याचीही चाल होती. मृत्यूविषयीचे संकेत फार कडक असत. मृताचे नाव पुन्हा उच्चारावयाचे नाही, एवढ्यावर न थांबता त्या नावाशी मिळताजुळता रोजच्या वापरातला शब्दही टाकून नवा घडविला जाई. ज्या भाषेचे कोणत्याही ज्ञात भाषेशी नाते जुळत नाही, तिचा शब्दसंग्रह असा प्रत्येक वियोगानिशी बदलत राहावा, हे भाषाशास्त्रज्ञास कोडेच. हॅरी होयर याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अभ्यास आरंभिला तेव्हा ही भाषा बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. त्याचे व्याकरण १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लवकरच तोंडी व्यवहार संपला.

कोमांचींशी असलेल्या हाडवैरामुळे टाँकावांनी गोऱ्या वसाहतवाल्यांचा पक्ष धरला. १८४० मधील प्लम क्रीकच्या लढाईत प्लासिडो या नायकाच्या हाताखालचे त्यांचे लोक पायी धावत रणांगणी पोहोचले. ओळख पटावी म्हणून त्यांनी दंडाला पांढरी चिंधी बांधली होती. या चाकरीचा मोबदला म्हणजे १८५९ मध्ये टेक्ससमधून हकालपट्टी. १८६२ च्या ऑक्टोबरात ओक्लाहोमातील अनादार्कोनजीक इतर जमातींनी त्यांच्या तळावर घाला घालून सुमारे तीनशेंपैकी निम्म्याच्या आसपास माणसे ठार केली, त्यांत प्लासिडोही होता. ते शत्रूचे मांस खातात, असा प्रवाद त्या द्वेषामागे होता. उरलेल्यांनी टेक्ससमध्ये परतून फोर्ट ग्रिफिन येथे अमेरिकी सैन्याचे वाटाडे म्हणून काम केले. १८८४ मध्ये त्यांची पुन्हा रवानगी झाली आणि १८८५ च्या जूनमध्ये ओक्लाहोमातील आजच्या ठिकाणी ते पोहोचले तेव्हा शंभर माणसेही शिल्लक नव्हती.

आजही दर जूनमध्ये तेथे जमातीचा नृत्योत्सव भरतो. टेक्ससच्या मायलम परगण्यातील एक तांबडी टेकडी त्यांच्या उत्पत्तिकथेत पवित्र मानलेली आहे. ती जमातीने २०२३ मध्ये विकत घेतली.